इटलीतल्या मिलान शहराच्या सान सिरो फुटबॉल स्टेडियमबाहेरचे ते गोल मनोरे नुसते शोभेचे आहेत का?

अजिबात नाही. सगळ्यात वरचा मजला त्या मनोऱ्यांवरच उभा आहे.

मूळ मैदान १९२६ चं. एसी मिलान या क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी ते बांधून घेतलं. वास्तुरचनाकार उलिस्से स्ताक्किनी, म्हणजे मिलानचं सेंट्रल रेल्वे स्टेशन ज्यांनी उभारलं तेच. उद्घाटनाच्या सामन्यात शहरातल्याच दुसऱ्या क्लबने, इंटरने, एसी मिलानला ६-३ असं हरवलं. पुढे १९३५ मध्ये नगरपालिकेने ते विकत घेतलं आणि १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागलं.

१९५५ मध्ये दुसरा मजला चढला, आणि माझ्या मते खरं सौंदर्य या टप्प्यात आहे. प्रेक्षकांना वर नेणारे उतार इमारतीच्या बाहेरून तिरपे गुंडाळत नेले, त्यामुळे सगळी भिंतच आडव्या पट्ट्यांची झाली. सामना संपल्यावर या पट्ट्यांवरून माणसांचे लोंढे खाली उतरताना बाहेरून सरळ दिसतात. चालण्याची वाट हाच इमारतीचा चेहरा, इतकी प्रामाणिक रचना क्वचितच सापडते.

मनोरे आले १९९० च्या विश्वचषकासाठी. तिसरा मजला हवा होता, पण जुन्या बांधकामावर भार टाकायचा नव्हता. म्हणून भोवती काँक्रीटचे ११ मनोरे उभारले. त्यातले कोपऱ्यांवरचे चार आणखी उंच आहेत. छताच्या त्या प्रचंड लाल तुळया त्यांच्यावर टेकल्या आहेत. तोटा एकच झाला, ऊन-वारा अडला आणि गवत वर्षानुवर्षं नीट वाढेना.

स्टेडियमला जुसेप्पे मेआत्सा या फुटबॉलपटूचं अधिकृत नाव १९८० मध्ये मिळालं. मेआत्सा दोन्ही क्लबांकडून खेळले होते.