ट्रायकलर जेडला नुसत्या हिरव्या फांद्या फुटताहेत, रंग परत यायला कुठलं खत घालू?

कुठलंच नाही. आणि ज्यांनी एप्सम सॉल्ट सुचवलंय त्यांचं तर मुळीच ऐकू नका. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमच बसलेलं असतं. झाडाला त्याची कमतरता असलीच, तर ते घातल्यावर झाड आणखी हिरवं होईल. पांढरं कुठून होणार?

तुम्ही लिहिलंय की झाड आणलं तेव्हा पानापानावर क्रीम रंगाचे पट्टे होते, पावसाळ्यात दोन फांद्या कोऱ्या हिरव्या फुटल्या आणि आता त्याच सगळ्यात उंच आहेत. त्या उंच का झाल्या? पट्ट्यांच्या पानाचा पांढरा भाग अन्न बनवत नाही, तो हिरव्याच्या जिवावर जगतो. हिरव्या फांदीला हा बांडगुळाचा भार नाही, म्हणून ती झपाट्याने वाढते. चांगलं खत घातलंत तर पहिला फायदा तिचाच होईल. नायट्रोजन जास्त झालं की हळूहळू कुंडीत साधा जेडच उरू शकतो.

ट्रायकलर, म्हणजे क्रॅसुला ओव्हाटाचा पट्टेवाला प्रकार, हे दोन तऱ्हेच्या पेशींचं मिश्रण आहे. काही पेशी हरितद्रव्य बनवतात, काही बनवू शकत नाहीत. डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला फांदीचा कोंब, ज्या पेशींतून फुटेल तशी फांदी येते. निव्वळ हिरव्या पेशींतून फुटलेल्या फांदीत पांढऱ्या पेशी नसतातच, त्यामुळे ती आपणहून पुन्हा पट्टेवाली होण्याची आशा सोडा. आलेलं पान तर बदलतच नाही. कापणं हाच इलाज.

कुठे कापायचं हे पान बघून ठरवतात, तिथेच गडबड होते. खोड बघा. कोवळ्या हिरव्या खोडावर उजेडात नीट पाहिलंत तर फिकट रेघा दिसतात, पेन्सिलीने ओढल्यासारख्या, एका पेरावरून (पानं फुटतात तो सांधा) दुसऱ्या पेरावर जाणाऱ्या. जेडची पानं जोडीने समोरासमोर येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला आडवी. म्हणजे दर पेरावर दोन डोळे. फिकट रेघ ज्या पानाच्या बगलेतून गेलीय आणि ज्या पानात हिरवं-पांढरं दोन्ही आहे, तो डोळा तुम्हाला हवाय. समोरचं पान कोरं हिरवं असेल तर त्याच्या बगलेतून हिरवीच फांदी येणार, तो डोळा फुगला की नखाने खुडा. पूर्ण पांढऱ्या पानाच्या बगलेतला डोळाही नको, त्याची फांदी दिसते झकास, पण ती आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात जेवते आणि वेगळी लावली तर मरते. नर्सरीतल्या लाल-पिवळ्या मून कॅक्टसातही हरितद्रव्य नसतं, उगाच तो ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलेला नसतो.

कापण्याचे प्रकार दोन. हिरवी फांदी बाजूने फुटली असेल तर मूळ खोडाला घासून कापा, खुंटी ठेवू नका, कारण खुंटीच्या बुडाशी झोपलेले हिरवे डोळे असतात आणि एकीच्या जागी तीन फांद्या येतात. शेंडाच हिरवा झाला असेल तर उलट करायचं: रेघवालं पेर सापडेपर्यंत खाली या आणि त्याच्या वर एक सेंटिमीटर सोडून कापा. तो तुकडा आपोआप सुकून खालच्या कड्यापाशी गळून पडतो. चिकटून कापलं तर सुकणं त्या डोळ्यापर्यंत पोचू शकतं. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि कापल्यावर आठवडाभर पाणी बंद. दिवस थंडीतले असतील तर डोळे फुटायला महिना-दीड महिना लागतो. नवी पहिली जोडी उघडली की लगेच तपासा, हिरवी असेल तर तेव्हाच खुडा.

भर पावसाळ्यात मात्र ब्लेड लावू नका, जखम सुकत नाही आणि खोड काळं पडून पिचपिचीत होतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

माती: दोन भाग तीन ते सहा मिलिमीटरचे विटांचे तुकडे किंवा जाड वाळू, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत. काळी माती नको. खत घालायचंच असेल तर 19:19:19 (नायट्रोजन, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही हिवाळ्यात. ऊन सकाळचं चार तास. मार्च ते मे 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी हवीच, नाहीतर पानाचा पांढरा भाग कागदासारखा करपतो. सावलीत ठेवल्याने पट्टे पुसले जात नाहीत, पण उजेड कमी पडला की पट्टेवाल्या फांद्या आधी रडतात आणि हिरवीचं फावतं.

पानांच्या कडेची गुलाबी-लाल छटा गेली म्हणून घाबरला असाल तर तो वेगळा विषय. ती ऊन आणि थंड रात्रींमुळे येते, पावसाळी ढगात जाते, डिसेंबरात परत येते. तिच्यासाठी काही कापू नका.

आता मुद्द्याचं, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की "एका कार्यशाळेत सांगितलं, चांगलं पान तोडून लावा, तसंच झाड येईल." हा वाद मी गच्चीबागवाल्यांशी कायम घालतो. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घ्या, तोच लॉरेंटी. कार्यशाळांत त्याच्या पानाचे तीन-तीन इंचाचे तुकडे करून वाटतात, वर "एका पानात दहा रोपं". रोपं येतात, कोण नाही म्हणतंय? पण येतात ती बिनकाठाची, हिरवी. नवा कोंब तुकड्याच्या बुडाशी आतल्या हिरव्या भागातून तयार होतो, काठाचा पिवळा थर त्यात येत नाही. मग लोक म्हणतात ऊन कमी पडलं, खत कमी पडलं. काहीही कमी पडलेलं नाही. काठ हवा असेल तर कुंडी उलटी करा, जमिनीतला जाड कंद शोधा आणि निदान एक कोंब व थोडी मुळं घेऊन तो कापा. आडव्या करड्या पट्ट्यांचा साधा स्नेक प्लांट पानातून हुबेहूब येतो, कारण ते पट्टे सगळ्याच पेशींच्या गुणसूत्रांत आहेत. तोच दाखवून "बघा, आला की नाही" म्हणणं ही शुद्ध फसवाफसवी.

तुमच्या जेडचंही तेच. पान लावलंत तर बहुधा हिरवं रोप येईल, क्वचित पांढरं येऊन मरेल. रेघ असलेली आठ-दहा सेंटिमीटरची फांदी घ्या, खालची पानं काढा, पाच दिवस सावलीत सुकवा, कोरड्या मिश्रणात खोचा आणि आठवड्याने पहिलं पाणी द्या.

दोन गोष्टी राहिल्या. नर्सरीत "जेड" म्हणून बऱ्याचदा पोर्टुलाकारिया देतात, छोट्या गोल पानांचा. त्याच्या तपकिरी झालेल्या खोडावर रेघ शोधत बसू नका, तिथे पानावरूनच ठरवा, बाकी पद्धत हीच. आणि तुमच्या झाडावर बुडापर्यंत कुठेच रेघ सापडली नाही, तर कापूनही उपयोग नाही. साधा जेड म्हणून वाढवा आणि पट्टेवाला नवीन आणा, पण विकत घेताना खोड बघून.