मोडीची वही फळीवर गेली

प्रश्न : नमस्कार बाई. मी गुहागरला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. आजोबांच्या पेटीत जुन्या मोडी लिपीतले कागद सापडले, म्हणून जूनमध्ये मोडी शिकायला घेतली. पहिला महिना रोज दोन-दोन तास बसत होते, हौसेने बोरू-दौतही आणली. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आली तेव्हा वही फळीवर गेली, ती दिवाळी उलटली तरी तिथेच आहे. मागे हार्मोनियमचंही हेच झालं. नवरा म्हणतो, "तू आरंभशूर." माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : गणपतीत पंधरा माणसांच्या पंगती तू उठवत होतीस, तेव्हा यजमानांनी कोणती वही उघडली होती, ते आधी त्यांना विचार. असो.

आरंभशूर म्हणशील तर मी तुझ्याहून मोठी. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी इथे दापोलीला घरामागच्या उतारावर हापूसची २० कलमं लावली. मृगाचा पाऊस, गड्याने मारून दिलेले खड्डे, लेकीला पाठवायला फोटो. पुढच्या मे अखेरीस त्यातली १३ वाळून गेली. जूनमध्ये पाणी आभाळच घालतं गं. कळशी उचलावी लागते ती मार्चनंतर, विहीर तळाला गेल्यावर. आणि तेव्हा मी सकाळी म्हणायची संध्याकाळी घालू, संध्याकाळी म्हणायची उद्या उठल्या उठल्या. कारण कधीच मोठं नव्हतं. एकदा गुडघा, एकदा पाहुणे, एकदा नुसताच कंटाळा.

दुसऱ्या वर्षी नवी कलमं आणली, पण निश्चय वगैरे काही केला नाही. प्रत्येक आळ्यात एक मातीचं मडकं पुरलं, तळाला भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घातली. एकदा भरलं की ते झिरपत राहतं, एखादा दिवस चुकला तरी झाड मरत नाही. भरायची वेळ ठरवली ती चहाचं आधण ठेवण्याआधीची. चहा मी जन्मात चुकवलेला नाही, त्यामुळे मडकीही फारशी चुकली नाहीत. त्या उन्हाळ्यात दोनच कलमं गेली, त्यातलं एक शेजारच्या बैलाने खाल्लं.

तुझं चुकलं ते दोन तासांत. पावसाळ्यात संध्याकाळी कुठे जाणं-येणं नसतं, म्हणून दोन तास मिळाले. ते वर्षभर मिळतील असं तू धरून चाललीस. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात, हे तुला ठाऊक आहेच. रोज तेवढी एक रेघ मार. तिच्यावर मावेल ते लिही आणि ऊठ. रात्री ओटा पुसून झाला की लगेच, तिथेच उभ्याने लिहिलंस तरी चालेल. वही फळीवर नको, पिठाच्या डब्यावर ठेव. बोरू-दौत सणासुदीला काढ, एरवी साधं बॉलपेन पुरे.

आणि बाराखडी घोटत बसू नकोस. आजोबांच्या कागदाची एक ओळ मोबाइलवर मोठी करून उतरव. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीला फक्त गावाचं नाव नाहीतर तुमचं आडनाव हाती लागेल. लागू दे.

२१ दिवसांत सवय जडते म्हणतात, त्यावर फार विसंबू नकोस. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून तो २०१० मध्ये छापला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस बुडाल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आहे. मला ते मडक्यांनी आधीच सांगितलं होतं.

आमच्या जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी भर पावसात साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली. मुलं चालण्यावर खूश व्हायची. पण तेच कर्वे पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसून पास झाले, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात पाऊस नाही, घाट नाही, सांगणार काय?

हार्मोनियम कुणा होतकरू पोराला देऊन टाक. ती नजरेसमोर राहिली तर मोडीलाही नाट लावेल.

पुढच्या गणपतीत वहीला दहा दिवस सुट्टी दे, चोरून नव्हे, उघड. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आजच कॅलेंडरात बघून वहीच्या शेवटच्या पानावर टाकून ठेव. आणि कागदांत जमिनीचा एखादा जुना वाद निघाला तर मला जरूर कळव, भाऊबंदकीच्या कागदांची मला भारी उत्सुकता.