आपल्या पर्यावरण संघटनेत साताऱ्यात नवीन लागलेल्या समन्वयकाला

पगार तुला मिळतो, बाकीच्यांना नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेव. आपले तालुका प्रमुख शाळा, दुकान, ऊसतोड सांभाळून येतात. त्यांना कामं वाटू नकोस, विचार. बैठक रविवारी सकाळी ठेव आणि चहा आधी, अजेंडा नंतर.

खरी कसोटी जनसुनावणीला लागते, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकतात तेव्हा. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी नोटीस लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. तो आधी वाच, मग गावात जा. माझ्या पहिल्या सुनावणीत मी नुसताच तावातावाने बोललो; लेखी हरकत दिलीच नव्हती. इतिवृत्तात माझी एक ओळ, तीही अर्धवट! शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवतात, तेव्हा लोक जेवायला पांगलेले असतात. तू हलू नकोस. राहिलेला मुद्दा तिथेच नोंदवून घे आणि हरकतीच्या प्रतीवर पोच घे.

कासच्या फुलांचे फोटो टाकायला पुष्कळ जण तयार असतात. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज लिहायला बसणारा एखादाच. त्याला जप.