अमेरिकेत विद्यापीठात क्लॅरिनेट शिकवणारा प्राध्यापकच बँड चालवतो का? अशी कारकीर्द कशी असते?

हो, छोट्या विद्यापीठांत तर सर्रास. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवायची सगळी वाद्यं एकच माणूस शिकवतो आणि बँडची तालीमही घेतो. शिकवणी एकेकट्याची असते. विद्यार्थी वाद्याच्या तोंडाशी बसवायची, फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी बोरूसारख्या गवताची पत्ती (रीड) तोंडात भिजवतो, एकच लांब सूर धरतो आणि तो नेमका कुठे डळमळला हे सर कान देऊन ऐकतात. मला तरी या कामाचा खरा गाभा इथेच वाटतो.

विल्यम फॉस्टर यांचंच बघा. मूळचे क्लॅरिनेटवादक. १९४६ साली ते फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात आले आणि थेट १९९८ ला निवृत्त झाले. बावन्न वर्षं! त्यांच्या ‘मार्चिंग १००’ या बँडनं शिस्तबद्ध संचलनात नाचाची झपझप पावलं आणली. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दी संचलनात हा बँड पॅरिसच्या रस्त्यावरून वाजत गेला.

शिक्षण म्हणाल तर संगीतात मास्टर्स, आणि आता बहुतेक ठिकाणी डॉक्टरेटही मागतात. त्याआधी काही वर्षं शाळेचा बँड सांभाळलेला असेल तर फारच उत्तम.