फ्रान्सचा बटाटा अन् आपलं सॅलड

प्रश्न : माझा भाचा फ्रान्सला ल्यॉनमधे असतो, दिवाळीला येतोय. तिकडं ला रात म्हणून बारका बटाटा मिळतो, त्याचं सॅलड त्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, एकेक फोड अख्खी! मी केलं की लगदा होतो. दोन-चार किलो आणायला सांगू का? थोडे गच्चीत कुंडीत पण लावीन म्हणते. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, आणायला अजिबात सांगू नका. परदेशातनं बटाटा आणायचा तर २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणं आधी परमिट लागतं, तिकडचं रोग नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते बरोबरच आहे कारण बटाट्याला चिकटलेल्या मातीतनं सूत्रकृमी येतात, मग आपल्याकडच्या शेतकऱ्याचं वाटोळं. कुंडीत लावायचाच असेल तर इथलंच बियाणं दिवाळीनंतर लावा, रात्री गार पडल्याशिवाय बटाटा पोसत नाही.

बाकी बटाटा भारीच हो. बोटाएवढा, जरा वाकडा, साल पातळ, आतनं पिवळा, चव हेझलनटसारखी. १८७२ पासूनची जात, मधे जवळपास बंदच पडली होती. गंमत म्हणजे याचं नाव गाजलं ते लगद्यामुळंच, जोएल रोबुशाँ नावाच्या शेफनी किलोला पाव किलो बटर घालून याची प्युरे केली आणि जगभर झाली, तेव्हा तुमच्या लगद्याची लाज वाटून घेऊ नका!

आता मुद्द्याचं. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, शिजला की फुगतो आणि फोड सुटते. चिप्सचा माल तसलाच, तो सॅलडला घेऊच नका. मंडईत कुफरी पुखराज मिळतो का विचारा, तो पिठूळ कमी. व्यापाऱ्याला जात माहीत नसली (बहुतेक नसतेच) तर घरी ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून बटाटे सोडा. बुडाला तो पिठूळ, वड्याला ठेवा. तरंगला तो सॅलडला.

कुकर लावू नका, शिट्टी झाली की संपलं. सालासकट, गार मिठाच्या पाण्यात टाकून मंद आचेवर, सुरी आरपार गेली की लगेच उपसा. हाताला चटका बसतोय तेवढ्यातच साल काढून जाड चकत्या करा आणि त्यावर आधी व्हिनेगर नाहीतर लिंबू, तेल नंतर, कारण तेल आधी लागलं की आंबटपणा आत शिरत नाही. आंबटानं फोड घट्ट पण राहते. तिकडं मोहरीची पेस्ट आणि बारीक कांदा घालतात. मी त्यावर आपली शेंगाचटणी भुरभुरते, फ्रेंच माणसानं बघितलं तर काय म्हणेल देव जाणे, पण कडक भाकरीबरोबर एकदा खाऊन बघा.

प्रश्न : आदल्या रात्री उकडून फ्रीजमधे ठेवले तर चालतील का? – तुळजापूर रोडवरनं

उत्तर : चालतील, फोडी उलट जास्त घट्ट होतात. फक्त व्हिनेगर रात्रीच, गरम असताना घाला, आणि कोथिंबीर सकाळी.