परचेसवाल्यांचे प्रश्न: ३ टक्क्यांसाठी जुना सप्लायर सोडू का?

प्रश्न: मी बांधकाम कंपनीत परचेसला आहे. सळई सहा वर्षं एकाच सप्लायरकडून घेतोय, आता दुसरा एकजण ३ टक्के कमी रेट देतोय. साहेब म्हणतात लगेच बदल, साइट इंजिनिअर म्हणतो जुन्याला हात लावू नको. जुन्याला विचारलं तर तो म्हणे आधी मागची थकलेली बिलं चुकती करा, मग रेटचं बोलू. काय करू?

उत्तर: तो बिलांचं बोलला ना, तिथेच सगळं आलं बघा. पीओवर (म्हणजे लेखी परचेस ऑर्डरवर) पेमेंटला ३० दिवस लिहिलेत आणि चेक निघतो ९० दिवसांनी, असं आहे का तुमच्याकडे? (बहुतेक असणारच.) मग महिन्याला दीड टक्का व्याज धरलं तरी वरच्या ६० दिवसांचे ३ टक्के होतात, आणि ते तो रेटमध्येच लावतो, खिशातून थोडीच भरणार आहे. नवीन माणसाला तुमची ही सवय अजून माहीत नाही म्हणून तो स्वस्त आहे, दोन बिलं लटकली की तोही त्याच रेटवर येईल. 'वरून पैसे आले की देतो' हे उत्तर तर सगळीकडेच चालतं, ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने करारातली अशी अट बहुतेक बाबतीत निरुपयोगी ठरवली, म्हणजे दुखणं किती जुनं असेल बघा.

दुसरं म्हणजे नुसता किलोचा रेट बघू नका. ड्रॉइंगमध्ये सळई मीटरमध्ये लागते आणि बिल येतं किलोवर. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किती किलो ते निघतं, १२ एमएमला साधारण ०.८९. आता नवीन माल टॉलरन्समध्ये (वजनात चालतो तेवढ्या फरकात) राहूनही ३ टक्के जड निघाला तर तेवढ्याच लांबीला तुम्ही ३ टक्के जास्त किलोचे पैसे भरणार, मग वाचलं काय? त्याच्याकडून आधी एकच गाडी मागवा, वेगवेगळ्या बंडलातले एकेक मीटरचे तुकडे कापून साध्या काट्यावर तोला, टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या स्टीलच्या घाण्याचा नंबर) बंडलाच्या टॅगशी जुळतो का बघा आणि उतरवून घेण्याचा खर्च कोणाचा ते लिहून घ्या.

आणि इंजिनिअर का अडून बसलाय ते त्यालाच विचारा की. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी ८ एमएम कमी पडलं तेव्हा गाडी कोणी पाठवली होती, हे त्याला पाठ असतं, परचेसच्या शीटमध्ये त्याला कॉलमच नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्याची थकबाकी काढून, पुढे ३० दिवस पाळतो असं लिहून देऊन मग रेट मागितला असता. नवीन माणसाला थोडं काम देऊन ठेवा, दुसरा हाताशी असलेला बरा. फक्त त्याचं कोटेशन जुन्याच्या तोंडावर नाचवू नका, ही माणसं एकमेकांना ओळखतात.

प्रश्न: मी खडी पुरवतो. साइटवरून फोनवर ऑर्डर येते, नंतर ऑफिस म्हणतं पीओच नाही. काय करावं?

उत्तर: फोन ठेवल्या ठेवल्या माल, क्वांटिटी, रेट आणि ऑर्डर देणाऱ्याचं नाव टाकून ऑफिसच्या नंबरवर मेसेज टाका, 'ओके' आल्याशिवाय गाडी भरू नका. डिलिव्हरी चलनावर माल घेणाऱ्याची सही, खाली नाव आणि वेळ. नुसता शिक्का घेऊन परत आलात तर बिलाच्या वेळी तो कोणी मारला हेच शोधत बसाल.