वाचक विचारतात : डंडा हातात दिला म्हणजे गार्ड झाला का?

या वेळी गार्डच्या नोकरीबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : काका, माझा मुलगा 22 वर्षांचा, बारावी पास. सिटी सेंटरकडच्या एका एजन्सीवाल्यानं सांगितलं की वर्दीचे पैसे भर आणि उद्यापासून नाइटला उभा रहा, ट्रेनिंग काय ते गेटवरच होऊन जाईल. असं चालतं का? (एक वडील, जनकगंज, ग्वाल्हेर)

उत्तर : चालतं म्हणजे सर्रास चालूच आहे हो, पण कायद्यात बसत नाही. 2005 चा प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीचा कायदा आहे, त्याला सगळे पसारा म्हणतात (इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालंय, आपल्याकडे मात्र ऐकणारा हसतोच). त्यात साफ लिहिलंय की गार्ड 18 ते 65 वयाचा हवा, चालचलणूक तपासलेली हवी आणि ठरलेलं ट्रेनिंग पास केलेलं हवं. आणि ट्रेनिंग म्हणजे दोन दिवस सॅल्यूट मारायला शिकवलं असं नाही, केंद्राच्या मॉडेल रूल्समध्ये कमीत कमी 100 तास क्लासमध्ये आणि 60 तास फील्डवर, तेही कमीत कमी 20 कामाच्या दिवसांत. एजन्सीवाला "रविवारी या, सर्टिफिकेट घेऊन जा" म्हणाला की समजा तो कागद विकतोय.

मी स्वतः फौजेतून आल्यावर काही वर्षं असे क्लास घेतलेत म्हणून सांगतो, पोरांना वाटतं की डंडा, कवायत, मिशी. खरं तर सगळ्यात जास्त वेळ जातो बघण्यात आणि लिहिण्यात. ओळखपत्र तपासायचं कसं, म्हणजे नुसतं हातात घेऊन परत देणं नाही, फोटो आधी बघायचा मग तोंड. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आलेच पाहिजेत असं रूल्समध्येच आहे, कारण पासवर, लायसन्सवर, मशीनच्या स्क्रीनवर तेच असतं. एका सोसायटीचं रजिस्टर मी बघितलं होतं, रात्री 11 नंतरच्या सगळ्या गाड्यांपुढे नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलेलं, आता चोरी झाली तर पोलिसांनी कोणत्या गाडीमागे पळायचं? त्याच गेटवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता, त्यावर गार्डसाहेबांचा गमछा वाळत घातलेला, पिन गंजून अशी घट्ट बसलेली की पकडीनं पण निघेना. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की रोज सिलिंडरच्या दाबाच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना एवढं बघायचं. त्याला मी दोष देत नाही, ज्यानं त्याला न शिकवता उभं केलं त्याला देतो.

बाकी फर्स्ट एड, गर्दी सांभाळणं, बॉम्बसारखी संशयित वस्तू ओळखणं (ओळखणं, हात लावणं नाही!), थाण्यात एफआयआर कशी लिहवायची, स्वतःच्या बचावाचा हक्क कुठपर्यंत, हे सगळं सिलॅबसमध्ये आहे. यातलं एक मुलाला आत्ताच सांगून ठेवा. डोळ्यांसमोर चोरीसारखा गंभीर गुन्हा करताना चोर सापडला तर साध्या माणसालाही त्याला धरता येतं, पण उगाच वेळ न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. खांबाला बांधून बदडलं तर गुन्हेगार तुमचा मुलगा होतो, वर्दी असो की नसो.

आणि एजन्सीचं लायसन्स बघा. ऑफिसात दिसेल असं लावणं त्यांना बंधनकारक आहे, पाच वर्षांचं असतं, तारीख वाचा. लायसन्स न घेता धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 25,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : मी 17 वर्षं फौजेत काढली, आता मला परत शाळेत बसवणार का? (मुरार)

उत्तर : बसवणार, पण कमी. माजी सैनिक आणि माजी पोलीस यांना 40 तास क्लास आणि 16 तास फील्ड, सातएक दिवसांचं काम. सुभेदारसाहेब असा की हवालदार, रागाला येऊ नका, मलाही तेव्हा राग आला होता. पण फौजेत कोण आलं विचारलं की समोरचा घाबरून नाव सांगतो आणि फ्लॅटच्या गेटवर आजी म्हणते "मला ओळखत नाहीस का रे मेल्या", तिथे काय करायचं ते आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

प्रश्न : माझी उंची 152 आहे, चष्मा आहे, मॉलमध्ये लेडी गार्डचं बघतेय. जमेल का? (ठाठीपूर)

उत्तर : जमेल ताई. बायकांना 150 सेंटीमीटर पुरे (पुरुषांना 160), छातीचं माप बायकांना लागू नाही, चष्मा लावून दिसत असेल तर चालतं, रंग मात्र ओळखता आले पाहिजेत. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळायचं आहे, तर आजपासून सकाळी सुरू करा, मे महिन्यात ग्वाल्हेरात साडेसहानंतर पळणं म्हणजे शिक्षाच.

प्रश्न : वडलांची लायसन्सची दुनाळी बंदूक घरात आहे. ती घेऊन बँकेत गनमॅन लागू शकतो का? (लष्कर भाग, ग्वाल्हेर)

उत्तर : नाही रे बाबा. लायसन्स वडलांच्या नावावर आहे, बंदूक त्यांची. आपल्या भागात घरात दुनाळी असली की पोरांना नोकरी घरातच ठेवलीय असं वाटतं. आधी स्वतःचं लायसन्स, मग चालवायचं शिक्षण, जे गार्डच्या कोर्समध्ये ऐच्छिक आहे, म्हणजे कोर्स केला की आपोआप येतं असं समजू नको. आणि तोपर्यंत ती बंदूक लग्नाच्या वरातीतही नेऊ नको. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात येईल असा हर्ष-फायर (आनंदात केलेला गोळीबार) केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नव्या गार्डची वर्दी हुबेहूब पोलिसांसारखी आहे, मेंबरांना फार आवडलीय. (एक सेक्रेटरी)

उत्तर : उतरवायला सांगा. फौज किंवा पोलिसांसारखी दिसणारी वर्दी घातली तर घालणारा आणि एजन्सीचा मालक दोघं अडकतात. दंडावर एजन्सीचा बॅज, डाव्या खिशात दोरीची शिट्टी, लेसचे बूट, वर दिसेल असं फोटोचं कार्ड, एवढं हवं. शिट्टी वाजते का ते पण एकदा वाजवून बघा.